मालिकेतली दुसरी कादंबरी कशी वाचावी? ('न्यू मून'चा अभ्यास)



मालिकेतली पहिली कादंबरी आपण उत्सुकतेने वाचतो आणि शेवटची हुरहुरत वाचतो. दुसरीच्या वाट्याला मात्र घाई येते. आवडता नायक सुरुवातीलाच निघून गेला, तर मग विचारायलाच नको. 'तो परत कधी येतो?' एवढंच शोधत आपण पानं उलटत जातो आणि मधली दोन-तीनशे पानं नुसती चाळली जातात. आजच्या पाठात आपण नेमकी तीच पानं पाहणार आहोत. त्यासाठी निवडलेलं पुस्तक आहे स्टेफनी मेयर यांची 'न्यू मून' ही कादंबरी.

एक सूचना. या पाठात कथानक शेवटासह दिलं आहे. शेवट आधी कळायला नको असेल तर पुस्तक वाचा आणि मग इथे परत या.

१. पुस्तकाची ओळख

स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिका. त्यांची 'ट्वायलाइट' ही पहिली कादंबरी २००५ साली आली. त्यानंतर २००६ मध्ये 'न्यू मून', २००७ मध्ये 'एक्लिप्स' आणि २००८ मध्ये 'ब्रेकिंग डॉन' असे पुढचे भाग आले. म्हणजे 'न्यू मून' हा चार भागांच्या मालिकेतला दुसरा भाग.

या प्रकारच्या लेखनाला 'पॅरानॉर्मल रोमान्स' म्हणतात. म्हणजे अशी प्रेमकथा, जिच्यातलं एक पात्र तरी माणसांच्या जगाबाहेरचं असतं. इथे नायक एडवर्ड कलन हा व्हॅम्पायर आहे, रक्तावर जगणारा आणि कधीही म्हातारा न होणारा. त्याचं कुटुंब माणसांना मारत नाही, प्राण्यांच्या रक्तावर भागवतं. नायिका बेला स्वान ही साधी शाळकरी मुलगी. कथा घडते अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स या गावात. हे गाव खरोखरच आहे. पॅसिफिक महासागराजवळ, भरपूर पावसाचं, दाट जंगलांनी वेढलेलं.

२. कथानक थोडक्यात

बेलाचा अठरावा वाढदिवस. तिला तो नकोच आहे, कारण एडवर्ड कायम सतरा वर्षांचाच राहणार आणि आपलं वय वाढत जाणार, ही धास्ती तिच्या मनात आहे. कलन कुटुंबाच्या घरी समारंभ होतो. भेटवस्तूचा कागद उघडताना तिचं बोट कापतं. रक्ताचा एक थेंब, बस्स! तेवढ्यावर एडवर्डचा भाऊ जॅस्पर स्वतःवरचा ताबा गमावून तिच्यावर झेपावतो. तिला वाचवायला एडवर्ड तिला ढकलतो, तर ती काचेच्या बशांवर पडते आणि हात आणखीच कापला जातो.

काही दिवसांनी एडवर्ड तिला जंगलात नेतो आणि सांगतो, की आता तू मला नको आहेस. संपूर्ण कुटुंब गाव सोडून जातं. बेला खचते. पुढे जेकब ब्लॅक या मित्राच्या सोबतीने ती हळूहळू सावरू लागते. मग जेकबही एकाएकी तिला टाळायला लागतो. कारण नंतर कळतं : त्याच्या शरीरात लांडग्याचं रूप जागं झालेलं असतं.

एके दिवशी बेला कड्यावरून समुद्रात उडी मारते. एडवर्डची बहीण अ‍ॅलिस हिला भविष्य दिसतं, पण लांडग्यांशी जोडलेलं भविष्य दिसत नाही. त्यामुळे तिला उडी दिसते, पण जेकबने बेलाला बाहेर काढलेलं दिसत नाही. 'बेला गेली' ही बातमी एडवर्डपर्यंत पोचते. खात्री करायला तो बेलाच्या घरी फोन करतो. फोन जेकब उचलतो आणि बेलाचे वडील अंत्यविधीला गेलेत एवढंच सांगतो. तो अंत्यविधी असतो हॅरी क्लिअरवॉटर या दुसऱ्याच माणसाचा. एडवर्ड मात्र तो बेलाचाच समजतो आणि मरण पत्करायला इटलीतल्या व्होल्तेरा शहरात जातो. तिथे व्हॅम्पायरांवर सत्ता गाजवणारं व्होल्तुरी घराणं राहतं. बेला आणि अ‍ॅलिस विमानाने धाव घेतात, ऐन वेळी पोचतात आणि त्याला वाचवतात.

३. शीर्षकाचा अर्थ

'न्यू मून' म्हणजे आपली अमावस्या. आता गंमत पाहा. इंग्रजीत या रात्रीला 'नवा चंद्र' म्हणतात. आपल्याकडे, महाराष्ट्रातल्या पंचांगात, अमावस्येला महिना संपतो आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेपासून नवा महिना सुरू होतो. म्हणजे रात्र तीच, पण एका भाषेने तिच्यात सुरुवात पाहिली, तर दुसरीने शेवट.

कादंबरी वाचताना हे दोन्ही अर्थ जवळ ठेवा. बेलाला वाटतं की सगळं संपलं. पण अमावस्येला चंद्र नष्ट झालेला नसतो, फक्त आपल्याला दिसत नसतो. लेखिकेने ही कल्पना एका छोट्या तपशिलात पेरली आहे. एडवर्ड जाताना आपले फोटो आणि वाढदिवसाच्या भेटी घेऊन गेला असं बेला महिनोन्महिने समजत असते. शेवटी उलगडतं, की त्या वस्तू तिच्याच खोलीत, जमिनीच्या लाकडी फळीखाली होत्या. रोज ती त्यांच्यावरूनच चालत होती!

असा तपशील घाईत निसटतो. कारण तो शेवटाकडे येतो आणि तोवर आपलं सगळं लक्ष 'आता दोघांचं जुळतं का' याकडे लागलेलं असतं.

४. जवळजवळ कोरी पानं

एडवर्ड निघून गेल्यानंतर या पुस्तकात काही पानं अशी येतात, की त्यांवर फक्त महिन्याचं नाव आहे. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. बाकी पान रिकामं.

काही वाचकांना ही छपाईची चूक वाटते, काहींना लेखिकेची पळवाट. तुम्ही क्षणभर थांबा आणि विचार करा. ही गोष्ट बेला स्वतः सांगते आहे. ज्या चार महिन्यांत तिला काही जाणवलंच नाही, त्यांच्याबद्दल ती सांगणार तरी काय? दुःखाचं वर्णन करायला शब्द लागतात. पण माणूस इतका सुन्न होऊ शकतो, की त्याच्याकडे शब्दच उरत नाहीत. ते सुन्नपण इथे कोऱ्या कागदाने दाखवलं आहे.

२००९ साली क्रिस वाइट्झ यांच्या दिग्दर्शनाखाली या कादंबरीवर चित्रपट आला. पडद्यावर कोरं पान कसं दाखवणार? तिथे बेला खिडकीशी बसलेली आहे, कॅमेरा तिच्याभोवती फिरतोय आणि खिडकीबाहेर ऋतू बदलत जातायत. आशय तोच, पण माध्यम बदललं की साधन बदलतं. परीक्षेत 'माध्यमांतर' हा मुद्दा आला तर हे उदाहरण उपयोगी पडेल.

५. बेला काय म्हणते आणि पुस्तक काय दाखवतं?

आता पाठातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा. ही कादंबरी प्रथमपुरुषी निवेदनात आहे. सगळं आपण बेलाच्या डोळ्यांनी पाहतो. अशा वेळी वाचकाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात : निवेदक काय म्हणते आणि प्रसंगांतून काय दिसतं.

बेला म्हणते, मी पोकळ झाले, माझ्या छातीत भगदाड पडलंय. तिच्या दुःखावर शंका घेऊ नका, ते खरं आहे. रात्री ती झोपेत किंचाळते. वडील चार्ली हतबल होतात आणि तिला फ्लोरिडात तिच्या आईकडे पाठवण्याचा विचार करतात. पण त्याच पानांत आणखी काय घडतं तेही टिपा. ती कुठूनतरी दोन मोडक्या मोटारसायकली मिळवते आणि जेकबच्या गॅरेजमध्ये नेते. दोघं मिळून त्या दुरुस्त करायला घेतात. गप्पा होतात, अभ्यास होतो, हसणं परत येतं. म्हणजे 'मी संपले' असं म्हणणारी मुलगी प्रत्यक्षात हळूहळू उभी राहते आहे. तिचं तिला ते कळत नाही, पण तुम्हाला दिसायला हवं.

मधली पानं चाळणाऱ्या वाचकाच्या हातून नेमकं हेच निसटतं. त्याच्या लक्षात राहतं ते एवढंच, की तो गेला तेव्हा ती कोसळली आणि तो आला तेव्हा ती सावरली. मधे एक साधी मैत्री, एक गॅरेज आणि पाने-पक्कड घेऊन केलेलं काम होतं, हे तो विसरतो.

माझ्या मते दुसऱ्या कादंबरीचं काम हेच असतं. पहिल्या भागाने जे दिलं ते ती काढून घेते आणि विचारते : याच्याशिवाय ही व्यक्ती कोण आहे? पहिल्या भागात बेला म्हणजे 'एडवर्डची बेला' होती. नायकाला बाजूला करून लेखिका तिची परीक्षा घेते. आता ती त्या परीक्षेत उतरली का, हे तुम्ही ठरवायचं आहे. शेवटी ती पुन्हा एडवर्डकडेच जाते आणि स्वतः व्हॅम्पायर व्हायलाही तयार असते. त्यामुळे उत्तर सोपं नाही. दोन्ही बाजूंनी लिहिता येईल, फक्त पुरावा पुस्तकातला हवा.

६. धोका आणि तो आवाज

इथे थोडं सावकाश वाचूया. बेलाच्या लक्षात येतं, की आपण धोक्यात असलो की आपल्याला एडवर्डचा आवाज ऐकू येतो. आधी पोर्ट एंजेलिसमध्ये ती रात्री अनोळखी पुरुषांच्या दिशेने चालत जाते, तेव्हा. मग मोटारसायकलवर. मग कड्यावरून उडी मारताना. आवाज ऐकायला मिळावा म्हणून ती मुद्दाम धोके पत्करते. तिकडे एडवर्डही ती गेली असं समजून मरायला निघतो.

वाचताना हे सगळं फार उत्कट वाटतं. 'केवढं हे प्रेम!' असंही वाटून जातं. पण निवेदकाला जे उत्कट वाटतं ते योग्यच असतं, असं नाही. स्वतःला तीन प्रश्न विचारा :

* एडवर्ड 'तुझ्या भल्यासाठी' खोटं बोलतो आणि एकट्यानेच निर्णय घेतो. बेलाला विचारलं असतं तर?
* तो आवाज कुणाचा होता? शेवटाकडे बेलालाच उमगतं, की तो तिच्याच मनातून येत होता. एडवर्डचं आपल्यावर प्रेम आहे हे तिला आत कुठेतरी ठाऊक होतं. मग तो ऐकायला जिवाशी खेळण्याची गरज होती का?
* चार्लीच्या जागी राहून ही गोष्ट सांगितली, तर ती प्रेमकथा वाटेल का?

तिसरा प्रश्न घरी नक्की करून पाहा. रात्री मुलीच्या किंचाळण्याने जागा होणारा, दाराशी उभा राहणारा, काय बोलावं ते न सुचणारा बाप. त्याच्या बाजूने एकच पान लिहा. पुस्तक वेगळंच दिसायला लागेल.

आणि एक गोष्ट पाठाबाहेरची, पण पाठाइतकीच महत्त्वाची. मैत्री किंवा प्रेम तुटल्यावर होणारं दुःख खोटं नसतं. 'या वयात कसलं आलंय प्रेम' असं म्हणून ते उडवून लावणाऱ्या मोठ्यांनीही हे लक्षात घ्यावं. तुमच्या जवळचं कुणी जेवत नसेल, बोलत नसेल, जिवावर बेतेल असं वागत असेल किंवा मरणाची भाषा करत असेल, तर ते गुपित म्हणून पोटात ठेवू नका. घरातल्या किंवा शाळेतल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. 'टेलि-मानस' ही सरकारी मदतसेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलते. स्वतःला त्रास होत असेल तरीही हाच मार्ग. बेलाने चार महिने कुणाशी बोलायचंच टाळलं, आपण तसं करायचं नाही.

७. 'रोमिओ आणि ज्युलिएट'शी नातं

ही कादंबरी शेक्सपिअरच्या 'रोमिओ आणि ज्युलिएट'शी उघडपणे नातं सांगते. सुरुवातीलाच बेला आणि एडवर्ड त्या नाटकावरचा चित्रपट पाहतात. तुलना अशी मांडता येईल :

* खोटी बातमी : नाटकात ज्युलिएट गुंगीच्या औषधाने निपचित पडलेली असते. खरी हकीकत सांगणारं पत्र साथीच्या रोगामुळे अडकतं आणि रोमिओपर्यंत तिच्या मृत्यूची बातमी तेवढी पोचते. कादंबरीत पत्राची जागा अर्धवट दिसलेलं भविष्य आणि फोनवरचं एक वाक्य घेतं.
* नायकाचा निर्णय : दोघंही बातमीची नीट शहानिशा न करता मरायला निघतात.
* तिसरा माणूस : नाटकात पॅरिस हा ज्युलिएटसाठी घरच्यांनी निवडलेला वर. कादंबरीत बेला स्वतःच विचार करते, की पॅरिस हा ज्युलिएटचा जिवलग मित्र असता तर काय झालं असतं? हा विचार अर्थातच जेकबबद्दलचा आहे.
* शेवट : इथे मोठा फरक आहे. ज्युलिएट जागी होते तेव्हा उशीर झालेला असतो. बेला मात्र दुपारचे बारा वाजत असताना गर्दीतून धावत एडवर्डपर्यंत पोचते. नाटकात जो निरोप पोचला नाही, तो इथे बेलाच्या रूपाने स्वतः चालून येतो.

शेवटच्या मुद्द्यावर विचार करा. सबंध पुस्तकभर वाट पाहणारी मुलगी इथे वाचवणारी होते. जिला वाचवायचं म्हणून एडवर्ड सोडून गेला, तिनेच त्याला वाचवलं.

८. कथेतली माणसं आणि खरी माणसं

जेकब क्विल्यूट या आदिवासी जमातीचा आहे. ही जमात काल्पनिक नाही. फोर्क्सपासून जवळच, ला पुश इथे समुद्रकाठी त्यांची राखीव वसाहत आहे. आपण लांडग्यांपासून रूपांतरित झालो, अशी उत्पत्तिकथा त्यांच्या परंपरेत आहे. पण व्हॅम्पायरांशी असलेलं पिढीजात वैर वगैरे भाग लेखिकेने रचलेला.

पुस्तकं गाजली, चाहते पर्यटक म्हणून ला पुशला येऊ लागले. खऱ्या लोकांचा प्रश्न मात्र वेगळाच होता. त्यांची वस्ती, शाळा त्सुनामीच्या टप्प्यात होती आणि वसाहतीला लागून राष्ट्रीय उद्यान असल्याने उंचावर सरकायला जागा नव्हती. २०१२ साली अमेरिकेत कायदा होऊन त्यांना उंचावरची जमीन मिळाली. कादंबरीत लांडगे होऊन गावाचं रक्षण करणारी मुलं आपण पाहतो, पण प्रत्यक्षात त्या गावाला हवी होती उंचावरची जमीन आणि सुरक्षित शाळा. एखाद्या खऱ्या समाजाचं नाव कथेत आलं, की कथा बाजूला ठेवून त्या समाजाविषयी चार गोष्टी स्वतंत्रपणे शोधून वाचा. चांगल्या वाचकाची ही सवय आहे.

९. कोणत्याही दुसऱ्या भागासाठी वाचनसूत्रं

१) पहिल्या भागातली कोणती गोष्ट इथे काढून घेतली आहे, ते ओळखा.
२) ती नसताना मुख्य पात्र काय करतं, याची यादी करा. पात्र काय म्हणतं त्यापेक्षा काय करतं ते लिहा.
३) कोणतं पात्र पहिल्या भागात मागे होतं आणि इथे पुढे आलं? ('न्यू मून'मध्ये जेकब.)
४) कथेचं जग कुठे रुंदावलं? (फोर्क्सपासून थेट व्होल्तेरापर्यंत, एका कुटुंबापासून व्होल्तुरींच्या कायद्यापर्यंत.)
५) कोणता प्रश्न पुढच्या भागासाठी उघडा ठेवला? (व्होल्तुरींनी बेलाला सोडलं ते तिने व्हॅम्पायर व्हावं या अटीवर. एडवर्ड म्हणतो, तुला तसं मी करावं असं वाटत असेल तर आधी लग्न कर.)

स्वाध्याय

१. चार कोऱ्या पानांऐवजी तुम्ही काय लिहिलं असतं? एका महिन्यासाठी शंभर शब्द लिहा. मग कोरं पान जास्त बोलकं की तुमचं लेखन, ते प्रामाणिकपणे ठरवा.
२. 'बेला एडवर्डमुळे नव्हे, जेकबमुळे सावरली.' पुस्तकातले तीन प्रसंग देऊन या विधानाच्या बाजूने किंवा विरोधात लिहा.
३. चार्लीच्या निवेदनात एक प्रसंग लिहा.
४. जेकबने फोनवर एक वाक्य जास्त बोललं असतं, तर पुढची कथा कशी बदलली असती?
५. तुम्ही वाचलेल्या दुसऱ्या कोणत्याही मालिकेच्या दुसऱ्या भागाला वरची पाच सूत्रं लावून पाहा.

पालकांना आणि शिक्षक मित्रांना शेवटी एवढंच सांगेन, की मुलांच्या हातात असं पुस्तक दिसलं तर ते काढून घेऊ नका आणि 'कसलं हे भुताखेतांचं' म्हणून नाक मुरडू नका. मूल चारशे-पाचशे पानं स्वतःहून वाचतंय, ही संधी आहे. शेजारी बसा आणि विचारा, 'तो नव्हता तेव्हा ती काय करत होती रे?' या प्रश्नाचं उत्तर शोधायला मूल पुन्हा मधल्या पानांकडे वळलं, तर तुमचा पाठ झाला म्हणून समजा.